बाचीच्या पुढच्या गाडीचा विचार कोण करणार?

प्रति,
मा. संपादक महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय : बेळगाव, चंदगड, निपाणी, गडहिंग्लज परिसरातील प्रवासी वाहतुकीचे एकत्रित नियोजन

महोदय,

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी आणि बाची ही गावे ओलांडली की शिनोळी लागते. बाची कर्नाटकात आहे आणि शिनोळी महाराष्ट्रात. मध्ये नदी नाही, डोंगर नाही, बांधाला बांध लागलेला आहे. चंदगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक म्हणून मी या रस्त्यावरून एकवीस वर्षे जा-ये केली. कोणती गाडी किती वाजता आली, हे मी एका वहीत टिपून ठेवत असे. सुरुवातीला हजेरीपुस्तकात लाल शेरा पडलाच तर मुख्याध्यापकांना दाखवायला काही असावे म्हणून, आणि पुढे केवळ हाताला वळण पडले म्हणून. निवृत्तीनंतर त्या वह्या चाळताना जे ध्यानात आले, त्यावरून हे पत्र लिहीत आहे.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास दोन गाड्या, एक या राज्याची आणि एक त्या राज्याची, दहा मिनिटांच्या अंतराने एकाच दिशेने जात आणि दोन्ही निम्म्या रिकाम्या असत; त्यानंतर पावणेसातपर्यंत एकही गाडी नसे. हा प्रकार एखाद्या वर्षाचा नव्हे. मधल्या काळात वेळापत्रके अनेकदा बदलली, तरी ही जोडी काही फुटली नाही, कारण एका बाजूने वेळ ठरविताना दुसऱ्या बाजूची गाडी केव्हा सुटते याची चौकशी करावी, अशी व्यवस्थाच कोठे नव्हती. मधल्या तासाभरात फाट्यावर जमलेली माणसे वडापमध्ये, म्हणजे खासगी प्रवासी जीपमध्ये, दाटीवाटीने बसून जात. मागच्या पायरीवर उभे राहणारे वेगळे, आणि कॉलेजच्या मुलींना चालकाशेजारी अंग चोरून बसावे लागे ते वेगळे. यात मी कोणा अधिकाऱ्याला दोष देत नाही. प्रत्येकाने आपल्या आगाराचे उत्पन्न पाहिले आणि ते त्याचे कामच होते. संपूर्ण रस्त्याकडे पाहण्याचे काम मात्र कोणाकडेच सोपविलेले नव्हते, आणि माझ्या माहितीप्रमाणे आजही सोपविलेले नाही.

या एका रस्त्याचे धनी किती आहेत, हे मोजून पाहण्यासारखे आहे. मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर महानगरपालिकेची हद्द आहे. थोडे पुढे गेले की कॅन्टोन्मेंटचा भाग लागतो, ज्याचा कारभार संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत चालतो. त्यापुढे एकामागून एक ग्राम पंचायती येतात. शहरालगतच्या गावांत कोठे वसाहत उठावी आणि कोठे उठू नये, यात बुडाचा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा, शब्द चालतो. रस्त्याची डागडुजी बांधकाम खात्याकडे आहे, आणि गाडी वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाची आहे, ज्याचे मुख्यालय हुबळीला आहे. बाची संपली की हे सारे धनी बदलतात. जिल्हा पंचायतीची जिल्हा परिषद होते, तालुका पंचायतीची पंचायत समिती होते आणि एस.टी.चा विभाग कोल्हापूरचा होतो. रोज पहाटे बेळगावच्या बाजारात रताळी, काजू, भाजीपाला घेऊन येणारा शेतकरी मात्र तोच असतो.

आणि तो आज येऊ लागलेला नाही. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत चंदगड हा बेळगाव जिल्ह्याचाच तालुका होता. राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने चंदगड तालुका वगळून उर्वरित बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्याला जोडला गेला आणि चंदगड कोल्हापूरकडे आला. चाळीसेक किलोमीटरवरची कचेरी शंभराहून अधिक किलोमीटरवर गेली; पण दवाखाना, बाजारपेठ, कॉलेज आणि लग्नाचा बस्ता यांसाठी चंदगडकर पूर्वीप्रमाणेच बेळगावला येत राहिला. उलट बाजूलाही तेच आहे. कागवाड आणि अथणीकडचा रुग्ण मिरजेला जातो, निपाणीचा व्यापारी कोल्हापूर आणि इचलकरंजीशी बांधलेला आहे, आणि संकेश्वर व गडहिंग्लज ही गावे तर एकमेकांच्या आठवडी बाजारावर जगणारी आहेत. तेव्हा एका राज्याने दुसऱ्यावर उपकार करण्याचा हा विषय नव्हे.

सीमाप्रश्नाबद्दल इतर मराठी माणसांप्रमाणे माझेही मत आहे आणि ते लपविण्याचे मला कारण नाही. परंतु महाराष्ट्राने दाखल केलेला दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, आणि तोपर्यंत साडेपाचची गाडीही न्यायप्रविष्ट आहे असे मानण्याची काही गरज नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण वाहतुकीच्या समन्वयाचा विषय काढला की दोन्ही बाजूंची काही मंडळी लगेच सावध होतात. एकत्र बसून वेळापत्रक केले म्हणजे हद्द मान्य केली, असे एका बाजूला वाटते; आणि एकत्र बसलो म्हणजे हद्दीवर शंका घेतली, असे दुसऱ्या बाजूला वाटते. दोन्ही शंका खऱ्या धरल्या तरी त्या एकमेकींना खोडून काढतात, हे कोणी ध्यानात घेत नाही.

तणावाचे दिवस आले की सर्वांत आधी गाडी बंद होते. डिसेंबर 2022 मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी 2025 मध्ये हे आपण पाहिले. चालक-वाहकांच्या जिवाला धोका असेल तर गाडी थांबविण्यावाचून पर्याय नसतो, हे मान्यच आहे. पण ती थांबविण्याचा निर्णय कोणी घ्यावा, किती वेळापूर्वी प्रवाशांना सांगावे, सीमेच्या अलीकडे व पलीकडे गाड्या नेमक्या कोणत्या फाट्यापर्यंत चालवाव्यात जेणेकरून मधले अंतर माणसाला चालून जाता येईल, परीक्षेच्या काळात विद्यार्थ्यांचे काय करावे आणि सेवा पुन्हा सुरू करण्याआधी कोणी कोणाशी बोलावे, याचा साधा लेखी दंडकही आपल्याकडे नाही. अशाच एका बंदच्या वेळी, साल महत्त्वाचे नाही, मी बाचीपर्यंत येऊन पुढे पायी निघालो तेव्हा समोरून डायलिसिससाठी बेळगावला निघालेले एक गृहस्थ मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून येताना दिसले. पाऊस पडत होता आणि त्यांनी डोक्यावर खताचे पोते पांघरले होते. गाडी बंद आहे हे त्यांना फाट्यावर आल्यावर समजले होते.

भाड्याचा विषय याहून नाजूक आहे, कारण त्यात दोन्ही सरकारांचा हेतू चांगला आहे आणि तरी सीमेवर त्याचे विचित्र रूप होते. कर्नाटकाने 11 जून 2023 पासून 'शक्ती' योजनेखाली राज्यातील महिलांना राज्यांतर्गत साध्या बसमधून मोफत प्रवास दिला. महाराष्ट्राने त्याच वर्षी मार्चपासून महिलांना एस.टी.च्या तिकिटात निम्मी सवलत दिली आणि त्याआधी, ऑगस्ट 2022 पासून, पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना मोफत प्रवास दिला. पण या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्या आहेत. परिणाम असा की बाचीची बाई बेळगावला फुकट येते, आणि तिच्या शेतालगत शेत असलेल्या शिनोळीच्या बाईला पूर्ण भाडे मोजावे लागते, कारण तिचे आधार कार्ड पलीकडचे आहे आणि तिची निम्मी सवलत तिच्याच गावच्या वेशीवर संपते. मग ती एस.टी.ची वाट न पाहता बाचीपर्यंत चालत येते का? ते तिने करूनही उपयोग नाही, कारण मोफत तिकिटासाठी रहिवासाचा पुरावा लागतो. विद्यार्थ्यांच्या पासचे तसेच आहे. या राज्याचा पास त्या राज्याच्या गाडीत चालत नाही, म्हणून समोर उभी असलेली गाडी सोडून मूल पुढच्या गाडीसाठी तासभर थांबते. जानेवारी 2025 मध्ये तर दोन्ही राज्यांनी अवघ्या तीन आठवड्यांच्या अंतराने भाडेवाढ केली, कर्नाटकाने 15 टक्के आणि महाराष्ट्राने 14.95 टक्के. भाडे वाढविण्यात जो मेळ आपोआप जमला, तो पास चालवून घेण्यात प्रयत्न केल्यास जमणार नाही असे वाटत नाही.

आता कायद्याकडे वळतो, कारण 'हे दोन राज्यांचे प्रकरण आहे, आमच्या हाती काही नाही' हे उत्तर मी तीन वेगवेगळ्या टेबलांवर ऐकलेले आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 88 मध्ये आंतरराज्य मार्गांवरील परवान्यांसाठी राज्यांनी परस्पर करार करण्याची तरतूद आहे. त्याच कलमाच्या पोटकलम 5 मध्ये असे सांगितले आहे की अशा कराराचा प्रस्ताव दोन्ही राज्यांनी आपापल्या राजपत्रात आणि त्या मार्गाच्या परिसरात चालणाऱ्या प्रादेशिक भाषेतील एका किंवा अधिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध करावा, लोकांची म्हणणी मागवावीत, आणि राजपत्रातील प्रसिद्धीनंतर किमान तीस दिवस गेल्याशिवाय त्यावर विचार करू नये. म्हणजे कोणत्या मार्गावर किती गाड्या धावाव्यात, यात बोलण्याचा अधिकार संसदेने हिंडलगा, तुरमुरी आणि शिनोळीच्या ग्राम पंचायतींना, महानगरपालिकेला आणि तुम्हा-आम्हाला दिलेला आहे. या परिसरातील किती ग्राम पंचायतींनी असे म्हणणे आजवर ठराव करून लेखी पाठविले, हा प्रश्न मी आमच्या गावात विचारला तेव्हा पंचायतीच्या एका माजी सदस्याने, 'सर, असं काही असतं का?' असे प्रामाणिकपणे विचारले.

वरच्या पातळीवरची अडचण अधिक मजेशीर आहे. राज्य पुनर्रचना कायद्याने देशात विभागीय परिषदा स्थापन केल्या. सीमावाद, भाषिक अल्पसंख्याक आणि आंतरराज्य वाहतूक हे तिन्ही विषय त्या कायद्याच्या कलम 21 मध्ये एकाच ओळीत लिहिलेले आहेत. जणू कोणी बेळगावच्या बसस्थानकात बसूनच ते कलम लिहिले असावे. परंतु महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम विभागीय परिषदेत आहेत, आणि कर्नाटक दक्षिण विभागीय परिषदेत. त्यामुळे आपला विषय नेमका दोन टेबलांच्या मधल्या फटीत पडतो. यावरही त्याच कायद्याच्या कलम 22 मध्ये उपाय आहे: दोन विभागांतील राज्यांचा समान विषय असेल तर दोन परिषदांची संयुक्त बैठक घेता येते. आपल्या खासदारांनी आणि आमदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे आणि कोणत्याही भाषेचे असोत, या संयुक्त बैठकीची मागणी लावून धरली तर तिला कायद्याचा आधार शोधत बसावे लागणार नाही.

दिल्लीच्या भोवती हे घडलेले आहे. हरियाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेश यांच्या संमतीने 1985 मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळाचा कायदा झाला. चंदीगडची शहर बस पंजाबातील मोहालीत आणि हरियाणातील पंचकुल्यात रोज जाते, आणि ती राज्ये तर राजधानीवरून आणि पाण्यावरून आपल्याइतकीच भांडलेली आहेत. कर्नाटकालाही ही कल्पना परकी नाही. बेंगळूरच्या वाहतुकीत अनेक संस्थांचा पायपोस एकमेकांत नाही हे ओळखूनच 2022 मध्ये तेथील महानगर भू-वाहतूक प्राधिकरणाचा कायदा करण्यात आला. बेळगावला एवढा मोठा डोलारा नको. दर महिन्याला एकदा भरणारी एक बैठक पुरेल.

ती भरवायची कोणी, हा खरा पेच आहे. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने प्रत्येक जिल्ह्याला नियोजन समिती दिली, तिच्यात पाचात चार सदस्य पंचायती व नगरपालिकांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींमधून यावेत असे ठरविले आणि ग्रामीण व शहरी भागांच्या समाईक गोष्टींचा विचार तिने करावा असे सांगितले. परंतु जिल्ह्याची हद्द संपली की तिचे काम संपते. शिवाय जिल्हा पातळीवर निवडून आलेले सदस्य असावे लागतात. कर्नाटकात जिल्हा व तालुका पंचायतींची मुदत 2021 मध्ये संपल्यानंतर निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या, आणि पलीकडे कोल्हापूर जिल्हा परिषदेवरही 2022 पासून दीर्घकाळ प्रशासक राहिला. प्रशासक कर्तबगार असू शकतो. पण फाट्यावर उभे राहणाऱ्या माणसाने त्याला कोठे गाठावे?

निवडून आलेल्यांना वगळून घेतलेल्या वाहतुकीच्या निर्णयांचे काय होते, ते आपण हलगा-मच्छे बायपासच्या निमित्ताने अनुभवले आहे. शहराबाहेरून रस्ता हवा की नको, यावर कोणाचे दुमत नव्हते. पण तो तिबार पिकाच्या जमिनीतून जाणार हे शेतकऱ्याला संपादनाच्या नोटिशीतून समजले, आणि मग आंदोलने व न्यायालये यांत वर्षे गेली. कित्तूरमार्गे होणाऱ्या सुमारे 73 किलोमीटरच्या बेळगाव-धारवाड रेल्वेमार्गाच्या आखणीबाबतही काही गावांनी तोच आक्षेप घेतला. रेल्वेबद्दल जास्त लिहीत नाही, कारण कोल्हापूर-बेळगाव या दोन शहरांमध्ये अजूनही मिरजेला वळसा घालूनच रुळावरून जावे लागते, एवढे सांगितले तरी पुरे.

एकत्र बसणे अशक्य आहे असे जे म्हणतात, त्यांना मी पावसाळ्याची आठवण करून देईन. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेवरील राजापूर बंधाऱ्यावरून किती पाणी पुढे गेले आणि अलमट्टीतून किती सोडले गेले, याची देवाणघेवाण दोन्ही राज्यांचे पाटबंधारे अधिकारी करतात. दूधगंगेवरचे काळम्मावाडी धरण हा तर दोन्ही राज्यांचा संयुक्त प्रकल्पच आहे. मात्र त्याच दूधगंगेवरचा मलिकवाड-दत्तवाड बंधारा पाण्याखाली गेला, किंवा 2019 आणि 2021 प्रमाणे यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले, तर गाड्या कोणत्या मार्गाने वळवाव्यात, हे प्रत्येक आगार आपापल्या अंदाजाने ठरवते. नदीचा विसर्ग जर दोन राज्ये एका कागदावर लिहू शकतात, तर एस.टी.च्या फेऱ्या लिहायला वेगळी शाई लागत नाही.

माझी सूचना मर्यादित आहे. बेळगाव महानगरपालिका, निपाणी नगरपालिका, गडहिंग्लज नगरपरिषद, चंदगड नगरपंचायत आणि या मार्गांवरील ग्राम पंचायती यांनी आपापल्या सभांत एकसारखा ठराव करून एक स्थायी सल्लागार समिती नेमावी. तिच्यावर दोन्ही महामंडळांच्या विभाग नियंत्रकांना आणि कॅन्टोन्मेंटच्या प्रतिनिधीला निमंत्रित म्हणून बोलवावे, आणि बैठक एकदा बेळगावला व एकदा गडहिंग्लजला घ्यावी. कामकाज मराठी व कन्नड दोन्ही भाषांत ठेवावे, गाड्यांच्या पाट्याही दोन्ही भाषांत असाव्यात. प्रवाशाला पाटी वाचता आली म्हणजे कोणत्याही भाषेचे नुकसान होत नाही. पहिल्या वर्षी समितीने धोरणाच्या गोष्टी बोलूच नयेत. वेळापत्रकांचा मेळ, विद्यार्थ्यांचा पास परस्परांच्या गाडीत चालविणे आणि सेवा खंडित झाल्यास पाळायचा लेखी दंडक, एवढीच कामे हाती घ्यावीत. महिलांच्या सवलतीचा हिशेब दोन सरकारांमधला असल्याने तो लगेच सुटणार नाही. पण शिनोळी, तुडये, कोवाड अशा लगतच्या गावांतून रोज बेळगावला येणाऱ्या महिला किती, याची मोजणी समितीने केली तर निदान त्यावर बोलताना हाती आकडा असेल. चोर्ला आणि अनमोडमार्गे गोव्याकडे जाणाऱ्या वाहतुकीचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे, त्यात तिसरे राज्य येते. तो नंतर घ्यावा.

अशा ठरावाने महामंडळे बांधली जात नाहीत, याची मला जाणीव आहे. परंतु कलम 88 खालचा पुढचा करार होईल तेव्हा या समितीचे लेखी म्हणणे फायलीत असेल आणि ते विचारात न घेता पुढे जाणे कोणालाही सोपे राहणार नाही. आज ती फाईल आपल्या बाजूने कोरी आहे.

संपादक महोदय, आपल्या दैनिकाकडे दोन विनंत्या आहेत. आंतरराज्य मार्गांचा प्रस्ताव जेव्हा प्रसिद्धीस येईल तेव्हा ती सूचना जाहिरातींच्या गर्दीत आतल्या पानावर न जाता बातमी म्हणून छापावी, म्हणजे मुदतीत हरकती पाठविता येतील. दुसरे, बेळगावहून चंदगड, आजरा, गडहिंग्लज या मार्गांवर जाणाऱ्या दोन्ही राज्यांच्या गाड्यांच्या वेळा एका चौकटीत एकत्र छापाव्यात. असा एकत्रित तक्ता मी तरी आजवर कोणत्याही बसस्थानकावर पाहिलेला नाही. तो तयार करण्यासाठी आठवडाभर शिनोळी फाट्यावर वही घेऊन बसण्याची माझी तयारी आहे. वही नवी घ्यावी लागेल इतकेच.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
हिंडलगा, ता. जि. बेळगाव